मागच्या अंगणातला अंधार

आमच्या घरात अंधारावर मालकी एकट्या बाबांची होती. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जयपूरच्या बाहेर, कानोत्याच्या बाजूला हे घर घेतलं, कारण शहराचा उजेड इथे जरा कमी पोचतो. मागे मोकळं अंगण आहे. तिथे जाडजूड तिवईवर दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा आणि ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण सरकवत नेणारी एक बारीक घरघरणारी मोटर. यातून बाबा दूरदूरच्या दीर्घिकांचे फोटो काढत. एकेक फोटो कित्येक मिनिटं चालायचा. असे ढीगभर फोटो रात्रीमागून रात्री जमवायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे त्या काळ्या चौकटीत काहीतरी उमटायचं. मध्येच कुठून उजेड घुसला की तो फोटो फुकट.

म्हणून मागच्या दारावरचा बल्ब त्यांनी काढून टाकला. स्वयंपाकघराच्या खिडकीला खाकी कागद चिकटवला. आईने संध्याकाळीच पोळ्या उरकायच्या, भांडी सकाळी घासायची, आणि अंधार पडला की मागच्या खोल्यांत चाचपडत फिरायचं. दिव्याचं बटण चुकून दाबलं गेलं तर अंगणातून असा आवाज यायचा की शेजारची कुत्री भुंकायला लागत. हे सगळं आकाशासाठी चाललंय म्हणून आम्ही ते मोठं मानावं, अशी त्यांची अपेक्षा होती. मी कधी मानलं नाही.

आई मिरजेची. बाबांच्या बदल्यांमागे ती संसार बांधत आणि सोडत गावोगाव हिंडली. शेवटची बदली जयपूरची. मी इथेच वाढले, इथेच झालान्याच्या एका ऑफिसात लागले, आणि अजूनही दर दोन वाक्यांमागे ‘मतलब’ म्हणते. आईच्या बोलण्यातली मिरज मात्र हलली नाही. निवृत्त झालो की मिरजेला जायचं, हे बाबांनी तिला कबूल केलेलं. मावशीने आपल्या शेजारचं घर भाडेकरू न ठेवता तिच्यासाठी झाडून-पुसून रिकामं ठेवलं होतं. पण विषय निघाला की बाबा म्हणत, "तिथे चार महिने नुसते ढग. मला करमायचं नाही." राजस्थानचं कोरडं आकाश सोडून ते कुठेही जाणार नव्हते.

जयपुरातली मराठी मंडळी घरी आली की बाबा त्यांचा आवडता फोटो दाखवत. सप्तर्षींच्या शेपटाजवळची एक दीर्घिका, पाण्यातल्या भोवऱ्यासारखी, आणि तिला चिकटलेली दुसरी लहान. फोटो सुंदर होता. तो सुंदर होता याचा मला फार राग यायचा. "हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता," असं बाबा सांगत आणि मंडळी वा वा करत. एकदा आई चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, "तो बिचारा पोचला की. मी कधी निघायचं, तेवढं सांगा." सगळे पोट धरून हसले, बाबाही हसले, आणि तिला आणखी एक कप आणायला सांगितलं.

होळीच्या आधीच्या दिवसांतली गोष्ट. ऑफिसातून आले तेव्हा अंधार पडला होता आणि घराचा मागचा भाग नेहमीसारखा काळामिट्ट. आईला हाक मारली तर मागच्या दाराकडून बारीक आवाज आला, "इथं आहे गं." ती पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. वरची पाण्याची टाकी भरून वाहायला लागली होती. पंपाचं बटण मागच्या दाराबाहेर. बाबा कॅमेऱ्यापाशी खुर्चीत बसलेले. ते उठणार नव्हते. म्हणून ती अंधारात बाहेर आली आणि ओल्या पायरीवरून घसरली.

"पडली जरा," बाबा खुर्चीतूनच म्हणाले. "मी बघितलंय, काही लागलेलं नाही. एवढा फोटो होऊ दे, मग उठवतो तिला."

त्यांनी बघितलं होतं ते खरं. पण बघितलं होतं त्यांच्या लाल टॉर्चच्या उजेडात. आकाशाचे फोटो काढणारे लोक असा मंद लाल टॉर्च वापरतात, त्याने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. त्या लाल उजेडात रक्त दिसत नाही. ते पाण्यासारखं दिसतं, आणि आई तर पाण्याने भिजलेलीच होती.

मी मोबाइलचा पांढरा टॉर्च लावला. "लाइट बंद कर!" बाबा ओरडले. "फोटो चालू आहे!" मी तो आईच्या तोंडावर धरला. तिचे एका बाजूचे केस कपाळाला चिकटले होते आणि ब्लाउजची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत लाल झाली होती. तिला उठवायला गेले तर ती किंचाळली. तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि नवऱ्याने बस म्हटलं म्हणून ती बसून राहिली होती.

"मला खरंच दिसलं नाही गं," बाबा हॉस्पिटलात म्हणत राहिले. माझा त्यावर विश्वास आहे, आणि त्याने काडीचाही फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी तिथल्याच व्हरांड्यात मी त्यांना फोनवर मित्राशी बोलताना ऐकलं. आईचं ऑपरेशन सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आणि काल नेमकं आकाश काय स्वच्छ होतं!"

आई वॉकर घेऊन घरी आली. घरात अंधार ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी इलेक्ट्रिशियन भैयाला बोलावलं आणि मागच्या दारावर सगळ्यात मोठा दिवा लावायला सांगितला. "दीदी, इतनी लाइट तो शादी के पंडाल में लगती है," तो म्हणाला. मी म्हटलं, वही लगाओ. बटण आईच्या पलंगाशी घेतलं. तिच्या खोलीची खिडकी अंगणातच उघडते.

पहिले काही दिवस ती फक्त गरज असेल तेव्हाच दिवा लावत होती. मग माझ्या लक्षात आलं, ती पडल्या पडल्या ऐकत असते. बाबा तिवई मांडायचे, दुर्बीण ध्रुवताऱ्याशी जुळवायचे, कॅमेरा फोकस करायचे. यात त्यांचा बराच वेळ जायचा. मग ती मोटर घरघरायला लागायची. तेवढं ऐकलं की आई बटण दाबायची. अंगणात लख्ख दिवस. बाबा खिडकीशी येऊन विचारत, "काय गं, उठायचंय का?" ती म्हणायची, "बाथरूमला." उठायची मात्र नाही. थोड्या वेळाने दिवा बंद करायची, त्यांना सगळं पुन्हा जुळवू द्यायची, आणि मोटर सुरू झाली की पुन्हा बटण. त्यांना बोलायला तोंड नव्हतं. गच्चीवर सामान न्यायला त्यांच्या गुडघ्यांत दम नव्हता, आणि मला विचारलं तेव्हा मी पाठ दुखते म्हणाले. पाठ माझी ठणठणीत होती.

उन्हाळा असाच गेला. बाबांना एकही फोटो धड मिळाला नाही. एका संध्याकाळी ते आईच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले. फार खंगलेले वाटले. म्हणाले, "मी काय म्हणतो, आता मिरजेला जाऊ या. तुझ्या बहिणीचा तुला आधार होईल. दुर्बीण मी देऊन टाकतो कुणाला तरी."

माझ्या हातात आईचं औषध होतं, ते मी तसंच धरून राहिले. एवढंच वाक्य ऐकण्यासाठी ती किती वर्षं थांबली होती ते मला माहीत होतं. तिकिटं उद्याच काढते, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

आईने त्यांच्याकडे शांतपणे बघितलं.

"नको," ती म्हणाली. "तिथं चार महिने नुसते ढग. तुम्हाला करमायचं नाही."

 बाबा उठून अंगणात गेले, सवयीने दुर्बिणीवरचं कापड काढलं आणि तिवईपाशी वाकले. आई छताकडे बघत कान देऊन पडली होती. मोटर घरघरायला लागली, तेव्हा तिने बटणाकडे हात नेला.