काकीच्या राबातलं प्लास्टिक

शाळेनं वर्षभर गोळा केलेलं प्लास्टिक मी वाळक्या पानांखाली झाकून ठेवलं, आणि माझ्या चुलत काकीनं ती पानं आपल्या राबासाठीच आणून टाकली आहेत असं समजून पेटवून दिली. झालं ते एवढंच. पण आमच्या घरात ही हकीगत एका वाक्यात सांगायची सोय नाही. कोणी पाहुणा आला की मुलगी म्हणते, "बाबा, राबाचं सांगा ना," आणि मी टाळायला लागलो की बायको आतून सुरू करते. तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. घरची थोडी भातशेती आहे, ती बायको करते. मी शेतावर गेलो की ती मला सावली कुठं आहे ते दाखवते. शाळेत मात्र मला बराच भाव आहे, कारण विज्ञान म्हटलं की त्यात सगळं येतं. नळ तुंबला, घंटा बंद पडली, वर्गात विंचू निघाला, की मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, "सर, तुम्ही विज्ञानाचे." तसंच एके दिवशी त्या म्हणाल्या, "सर, शाळेच्या प्लास्टिकचं काहीतरी करायला हवं. तुम्ही विज्ञानाचे."

मला वाटलं, दोन पोती ठेवली की झालं. पण प्लास्टिकलाही जाती असतात हे तेव्हा कळलं. बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या शहापूरचा भंगारवाला आनंदानं नेतो. वेफर-कुरकुऱ्यांची पाकिटं, ती आतून चंदेरी असलेली, त्यांना तो हात लावत नाही. "सर, हे फुकट दिलंत तरी मला घरात जागा नाय," असं त्यानं तोंडावर सांगितलं. आणि शाळेत नव्वद टक्के माल तोच. शेवटी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना सापडला. तिथं ही पाकिटं दाबून त्यांचे पत्र्यासारखे जाड तक्ते करतात. मालक भला माणूस. म्हणाला, "धुतलेलं पाहिजे, वाळलेलं पाहिजे, मातीचा कण नको. आणि टेम्पोभर साठलं की फोन करा. अर्ध्या टेम्पोसाठी गाडी पाठवणं मला परवडत नाय."

टेम्पोभर पाकिटं म्हणजे किती, हे मला भरायला लागल्यावर समजलं. पाकीट फुगलेलं दिसतं, पण आत हवाच असते. धुऊन चपटं केलं की पोतंच्या पोतं तळाशी बसतं.

पावसाळ्यात तर मुलं काही आणेचनात. वर्गात विचारलं तर एक मुलगी उभी राहिली. "सर, आई देत नाय. चूल कशानं पेटवू, बोलते." बाकीच्यांनी माना हलवल्या. आमच्याकडं ओल्या दिवसांत लाकडं धरत नाहीत, तेव्हा दुधाची पिशवी किंवा पाकीट काडीला लावून आधी ते पेटवायचं, ही घरोघरची रीत. मी त्या तासाला धडा बाजूला ठेवला आणि जळत्या प्लास्टिकच्या धुरावर बोललो. चांगलं बोललो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर पडवीत बंब थंड. शेजारी फुंकणी ठेवलेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," बायको म्हणाली. "काल वर्गात काय बोललात ते आपल्या मुलीनं सांगितलं, तीही तुमच्याच वर्गात बसते. आपला बंब रोज दुधाच्या पिशवीनं पेटतो, ते तेवढं सांगायचं राहिलं वाटतं तुमचं. बसा आता फुंकत."

मी बसलो. डोळे लाल करून शाळेत गेलो. मग तिनंच चुलीच्या वरच्या फळीवर काटक्या आणि करवंट्या वाळत ठेवायला सुरुवात केली, आणि शेजारच्या दोघी-तिघींनी बघून तेच केलं. माझ्या भाषणापेक्षा त्या फळीचा उपयोग जास्त झाला. पाकिटं यायला लागली.

शाळेच्या फाटकासमोरच्या दुकानदारालाही मी पोतं टांगायला सांगितलं. तो आधी वैतागला. "सर, केळीवाला कधी सालं परत मागतो काय?" पण टांगलं. पोरं पाकीट फोडून तिथंच उभी राहून खायची आणि तिथंच टाकायची, त्यामुळं त्याच्या दारातला कचरा गेला, आणि तो मला चहा देताना हसायला लागला.

असं करत उन्हाळ्यापर्यंत पोती बरीच झाली. आधी ती प्रयोगशाळेत होती, तिथं उंदीर झाले. मग व्हरांड्यात आणली, तर तपासणीला साहेब येणार असं कळलं. बाई म्हणाल्या, "सर, हे दिसता कामा नये."

मी ती पोती शाळेच्या मागं नेली. तिथं कुंपण मोडलेलं आहे आणि पलीकडं लगेच काकीचं शेत. उन्हाळ्यात आमच्याकडं गुरं मोकळी सोडलेली असतात. ती पोत्यांना तोंड लावतील, म्हणून मी एक युक्ती केली. शाळेच्या आवारातला झाडून काढलेला सगळा पातेरा, म्हणजे वाळकी पानं, पोत्यांवर ढिगानं टाकला आणि वर चार टहाळ्या ठेवल्या. लांबून बघितलं तर नुसता पानांचा ढीग दिसत होता. मी स्वतःवर खूश झालो.

आता इथं राब म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. भाताची रोपं जिथं वाढवायची तो जमिनीचा तुकडा म्हणजे राब. उन्हाळ्यात त्यावर शेण, टहाळ, पातेरा, गवत असे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची आणि सकाळी वारा पडलेला असताना सावकाश भाजायचं. जमीन भाजली की तण मरतं, आणि पुढं त्यात रोपं जोमानं येतात. काकीचा राब शाळेच्या कुंपणाला लागूनच होता. आणि ती माघापासून मला सांगत होती, "तुमच्या शालंतला पातेरा माज्या राबावर टाक ना रे. येवढी झाडं, नि तुमी नुसता जाळून टाकता." मी दरवेळी म्हणत होतो, "टाकतो काकी." टाकतो टाकतो करत शिमगा होऊन गेला.

तर काकीनं एके सकाळी बघितलं, की पुतण्यानं एकदाचा शब्द पाळला. राबाच्या कडेला पातेऱ्याचा हा एवढा ढीग. तिनं वरची पानं काठीनं राबावर ओढून घेतली, बाकीचा ढीग तसाच ठेवला, आणि काडी लावली. आग सरकत सरकत कडेच्या ढिगापर्यंत गेली.

आमची शाळा तेव्हा सकाळची होती. प्रार्थना चालू होती. राबाचा धूर आम्हाला नवा नाही. त्या दिवसांत सगळा परिसर धुरकट असतो. पण हा धूर काळा होता आणि वास वेगळा होता. पहिल्या रांगेतला एक मुलगा प्रार्थना सोडून ओरडला, "सर, आपलं प्लास्टिक!"

मी धावलो. माझ्या धावण्याची मुलगी घरात नक्कल करून दाखवते, ते सोडा. पोचलो तेव्हा पोती बसत चालली होती आणि वितळलेला काळा रस राबाच्या कोपऱ्यात वाहत होता. आम्ही बादल्यांनी पाणी मारलं. अर्धी पोती वाचली. बाकीचं राबात मुरलं.

काकी धुराच्या पलीकडं उभी होती, पदर तोंडाला लावून.

"काय टाकलंस रे ह्या?"

"काकी, ते शाळेचं..."

"मी बोल्ले पातेरा टाक. तू वरती पातेरा नि खाली मसनातला कचरा?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कोपऱ्यात खाली बसली आणि काळ्या पापडीवर काठी मारून बघितली. काठी टणकन वाजली. मग ती हळू बोलली, "मी आजवर कोनाच्या बांधावर रोपं मागाया उभी नाय रायले. माज्या राबातली रोपं लोकांनी नेली. आता ह्या वर्साला मी कोनाकडं जाऊ?"

हे फक्त बोलणं नव्हतं. आमच्या गावात रोपं कमी पडली तर मागतात, देतात, त्यात लाज नाही असं सगळेच म्हणतात. पण काका गेल्यावर काकीनं शेत एकटीनं ठेवलं, ते या एका गोष्टीवर. भावकीत कुणाला "काकीला जमेना" असं म्हणायला मिळू नये. तो राबाचा कोपरा म्हणजे तिच्या एका भातखाचराची रोपं होती.

दुपारी घरी गेलो. बायकोनं सगळं ऐकलं होतंच. ती म्हणाली, "जेवा आधी. मग खुरपी घ्या."

मुलांना आम्ही त्या कामाला लावलं नाही. मी, बायको आणि दोन शिक्षक गेलो; संध्याकाळी बघतो तर मुख्याध्यापिकाबाई पदर खोचून हजर. "दिसता कामा नये, असं मीच म्हणाले होते," एवढंच म्हणाल्या आणि बसल्या. वितळलेलं प्लास्टिक मातीला असं धरलेलं होतं की खुरप्यानं निघेना, पारईनं उचकटावं लागलं. एकेक ढेप निघाली की तिच्याखालची भाजलेली सगळी चांगली माती तिच्याबरोबर यायची. काकी बांधावरून बघत होती. मध्येच म्हणाली, "सर, त्या खड्यापाशी ऱ्हायलंय." मला ती जन्मात पहिल्यांदा सर म्हणाली. त्यापेक्षा शिवी बरी.

कोपरा साफ झाला, पण उघडा पडला. मग आमच्या उकिरड्यातलं शेण, डोंगराखालचा पातेरा आणि गवत आणून बायकोनं तिथं नव्यानं थर दिले. वाहतूक माझ्याकडं होती. थर मी द्यायला गेलो तर काकी आणि बायको दोघी एकदम म्हणाल्या, "तुम्ही नको." एकीनं "तू" म्हटलं, एवढाच फरक. शेणातसुद्धा पाकिटं निघाली, घरच्या केराबरोबर गेलेली. काकी ती एकेक वेचून बाजूला ठेवत होती. "ही दरसाल निगतात," ती म्हणाली. "पैले नव्हती."

मुरबाडचा मालक हकीगत ऐकून अर्ध्या मालासाठीही स्वतः टेम्पो घेऊन आला आणि वाचलेली पोती त्यानं नेली. त्या काळ्या ढेपा दाखवल्या, तर त्यानं हातात घेऊन वजन बघितलं. "सर, हे ना प्लास्टिक ऱ्हायलं, ना माती. हे कुणीच घेणार नाय." त्यातली एक ढेप आता प्रयोगशाळेत ठेवली आहे. चूल पेटवायचा विषय निघाला की मी बोलत नाही, ती वर्गात फिरवतो.

पद्धतही बदलली. आता फाटकाजवळ जाळीचा मोठा पिंजरा आहे, सगळ्यांना आत काय आहे ते दिसतं. तपासणीचे साहेब आले, त्यांनी बघितला आणि उगाच घाबरलो होतो असं बाईंना वाटलं. रस्त्यावरचा हॉटेलवाला आणि लग्नाच्या हॉलचा मालकही आता आपली धुतलेली पाकिटं त्यातच आणून टाकतात, त्यामुळं टेम्पो लवकर भरतो आणि साठवायचा प्रश्न उरत नाही. हे आधी सुचायला हवं होतं. पण आधी मला युक्ती सुचली होती.

पेरणी झाली. काकीच्या राबात रोपं चांगली वर आली, त्या कोपऱ्यात मात्र विरळ आणि पिवळट. मी रोज शाळेच्या मागं जाऊन बघायचो. रोज बघितल्यानं रोप वाढत नाही, हे विज्ञानाच्या माणसाला कळायला हवं. लावणी लागली आणि शेवटच्या खाचरात काकीची रोपं संपली. अर्धं खाचर नुसतं पाणी. बाया थांबल्या. एकीनं विचारलं, "काकी, कोनाकडून आणू का?" काकी म्हणाली, "नाय. तेवढं पडीक ऱ्हावद्या." आणि घरी गेली.

त्या दिवशी आमचीही लावणी होती. बायकोनं आमची लावून झाल्यावर उरलेली रोपं उपटली, जुड्या बांधल्या आणि कुणाला काही न बोलता काकीच्या बांधावर ओळीनं ठेवून आली. मला म्हणाली, "विचारलं तर सांगा, तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला तसंही काही माहीत नसतं."

सकाळी शाळेत निघालो तर काकी बांधावर उभी.

"ह्या जुड्या कोनी ठेवल्या रे?"

"मला काय माहीत, काकी."

तिनं एक जुडी उचलली, गाठ बघितली, माझ्याकडं बघितलं. "तू नाय बांधल्यास, ते दिसतंय. तुजी गाठ हातात घेतली का सुटते." मग पदर खोचला आणि खाचरात उतरली. पाठमोरीच बोलली, "तुज्या बायकोचा हात मी लांबून वळखते. जा शालंत, पोरं वाट बघत असतील."

दुपारपर्यंत खाचर हिरवं झालं होतं. मी संध्याकाळी बायकोला सांगितलं, "अगं, तिनं ओळखलं. गाठीवरून ओळखलं."

बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ओळखाव्यात म्हणूनच तशा बांधल्या. परक्याच्या वाटल्या असत्या तर तिनं गाईला घातल्या असत्या."