पाठीला डोळे असलेल्या आत्या
माझ्या आत्येसासूबाईंनी जन्मल्या जन्मल्या सुइणीला बाहेर पडायची दुसरी वाट विचारली असणार. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आले आणि त्यांच्या हाताखाली चालायला नव्याने शिकले. लग्नाला गेल्या की नवरानवरी राहोत बाजूला, त्या आधी मागचं दार शोधत. ते बहुधा स्वयंपाकघरातून जाई, त्यामुळे पंगतीआधीच त्यांना गरम वडा मिळे. बसच्या ड्रायव्हरला जांभई आली, तर त्या ती बस सोडत. दारावर अनोळखी माणूस दिसला की आत वळून म्हणत, "अहो, जरा बाहेर या." ते 'अहो' वारून कैक वर्षं झाली होती. एकदा पुस्तकं विकणारा एक भला माणूस त्या 'अहों'ची वाट पाहत ओट्यावर बसूनच राहिला. शेवटी आत्यांनी त्याला कॉफी पाजली आणि यजमान पूजेला बसलेत, आज काही उठायचे नाहीत, असं सांगून वाटेला लावलं.

गावात नव्या वेगवान मोटारसायकली आल्या आणि आत्यांची झोप उडाली. सायकलवाला जवळ येईपर्यंत तो कुणाचा कोण हे ताडता येई. हे लोक तेवढी उसंत देत नाहीत, ही त्यांची तक्रार.

एका दुपारी आम्ही भाजी घेऊन परतत होतो. आत्यांनी एकदम माझं मनगट धरलं.

"पुढे बघत चाल गे. वळू नको."

शेजारून एक मोटारसायकल सावकाश गेली. मघाशी भाजीबाजारात दिसलेलीच, वर दोघे. पाऊस नसताना नंबरपट्टीवर चिखल थापलेला. आत्यांनी मला बांगड्यांच्या दुकानात ओढलं आणि घासाघीस सुरू केली, पण बांगड्यांकडे त्या बघतही नव्हत्या. तेवढ्यात बाहेर किंकाळी उठली. देवळातून येणारी एक बाई रस्त्यावर पडली होती. साखळी गेली होती, गळ्यावर रक्ताची रेघ होती. सगळ्यांआधी आत्या धावल्या. तिचं डोकं मांडीवर घेऊन त्या रस्त्यातच बसल्या आणि दुकानदाराला रिक्षा आणायला पिटाळलं.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. तुमच्यामुळे मी वाचले, असं मी म्हणाले.

"ती समोरून येत होती. मला दिसली होती," त्या म्हणाल्या. "हाक मारायला किती वेळ लागतो गे?"

तेव्हापासून त्या रस्त्यातल्या कुठल्याही बाईला हाक मारत. पदर ओढून घ्या, कडेने चला, असं बजावत. काही हसत, काही रागावत. आम्हाला लाज वाटे. आत्यांनाही वाटत असावी, पण त्या थांबल्या नाहीत.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. संध्याकाळी मी त्यांना हात धरून फिरवायची आणि रस्ता सांगायची. एकदा सांगितलं, एक मुलगी चाललीय, कानात वॉकमन आहे, मागून येणारी लॉरी तिला ऐकू येत नाहीये. आत्यांनी तमिळमध्ये खच्चून हाक मारली, ती भलत्याच दिशेला, एका भिंतीकडे. तरी ती मुलगी दचकून कडेला सरली. लॉरी गेल्यावर ती आमच्याजवळ आली. आत्यांनी चाचपत तिच्या गालावरून हात फिरवला आणि जपून जा म्हणाल्या.

मग ती गेली त्या दिशेला तोंड करून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मुलगी केव्हाच दुसऱ्या गल्लीत वळली होती. मी ते सांगितलं नाही.