वेलांटीचं शेवटचं प्रूफ

छापखान्यात माझ्या बापाला सगळे ‘वेलांटी’ म्हणायचे. चौतीस वर्षं प्रुफं तपासली. शाळेच्या सहलीतून मी घरी पत्र पाठवलं, तर ते लाल पेनाने दुरुस्त करून मला परत दिलं होतं. मी अजून विसरलेलो नाही. “अर्थात शिरलं की चूक निसटते,” असं ते म्हणायचे. ते नुसती अक्षरं बघतात, वाचत नाहीत, अशी माझी खात्रीच होती.

बाथरूममध्ये पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, घरी न्या, भिंतीला धरायच्या दांड्या बसवा, मी रोज येईन, तीन महिन्यांत चालतील. नाहीतर पुनर्वसन केंद्रात सहा आठवडे ठेवा. बाबांचं एकच पालुपद, घरी. बायको आठ दिवस घुम्यासारखी वावरली. खरं सांगू? तिचं निमित्त. त्यांचं शीचं भांडं मलाच उचलायचं नव्हतं. किळस येते मला, त्याला काय करू?

केंद्राला दोन मजले. खालचा व्यायामाचा, सहा आठवड्यांचा. वरचा, ज्यांना परत न्यायचं नाही त्यांचा. मी वरचा अर्ज भरला आणि बाबांना सांगितलं, खालचा आहे, थोडी कळ काढा. सही मात्र त्यांचीच लागत होती.

त्यांनी चष्मा मागितला. आता हे वाचणार, असं मला वाटलं. मग लाल पेन मागितलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. ओळीखाली नख फिरवत ते पुटपुटत राहिले. ‘घरी सांभाळणारे कोणि नाही’ यातली वेलांटी दीर्घ केली. खाली दोन शब्दांच्या मधे छोटी कमान काढली. सही केली. मी कागद न बघताच खिडकीत दिला आणि मनात हसलोसुद्धा.

आयाने त्यांची चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये घेतली. लिफ्ट वर निघाली, तसा मी घाईघाईने म्हणालो, “बाबा, सहाच आठवडे हं.”

“‘कायमस्वरूपी’ हा एक शब्द आहे,” ते म्हणाले. “तू तोडून लिहिला होतास. मी जोडलाय.”

आयाने विचारलं, काय म्हणतायत आजोबा?

“काही नाही,” मी म्हटलं. “सवय आहे त्यांना.”