मझलबाईंनी न कापलेला कोपरा

मझलबाई किहीमकर इंग्लंडात साउथहॅम्प्टनला आल्या त्या नवऱ्यामागून, चौसष्ट साली. नवरा एझरा बंदरात कारकून. चार वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. मग बाईंनी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत काम धरलं. खालून उजेड असलेलं टेबल, त्यावर चादरीएवढी लाल फिल्म. बारीक सुरीनं वरचा लाल पापुद्रा रेषेवर कापायचा, चिमट्यानं सोलायचा, खालच्या प्लॅस्टिकला ओरखडा नाही. त्या चादरीचा फोटो लहान करत करत नखाएवढा केला की झाला चिपचा नकाशा. कोकणात, किहीमला वाल सोलून सोलून तयार झालेला हात. बाईंच्या सुरीला तोड नव्हती.

पण शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत सुरी खाली. बेने इस्रायली ज्यू बाई; शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ, काम वर्ज्य, त्याआधी घरी दिवा लावायचा. डिसेंबरात तिथं चारलाच अंधारतं. मॅनेजर कुरकुरे. मध्ये उभा राही तो गिरीश, पुण्याचा इंजिनियर. अख्खा प्रोसेसर एका चिपवर बसवायचा म्हणून तीन वर्षं झिजत होता. अमेरिकेची तशी चिप बाजारात आली होती, त्यामुळे घाई फार. बाई कापत, गिरीश तपासे. कापणाऱ्यानं स्वतःचं तपासायचं नाही, हा खात्याचा नियमच.

त्र्याहत्तरच्या डिसेंबरातला शुक्रवार.

"अहो मावशी, साडेतीन वाजले. निघा."

"एक कोपरा र्‍हायलाय रे."

"मी कापतो."

"तू? मेल्या, तुला बटाटा सोलता येत नाय!"

"बटाट्याचं ड्रॉइंग कुठं असतं?"

बाई हसल्या, कोट चढवला. "सोमवारी मी बघीन हां. त्याआधी फिल्म देऊ नको."

गिरीश हो म्हणाला. पण फोटोवाल्यांची वेळ शनिवारी सकाळची होती; ती हुकली तर पुढची जानेवारी उलटल्यावर. त्यानं कोपरा कापला, स्वतःच तपासला आणि फिल्म देऊन टाकली.

नऊ आठवड्यांनी चिप आल्या. एकही चालेना. बाईंनी फिल्म पुन्हा टेबलावर पसरली. त्याच कोपऱ्यात केसाएवढी लाल पट्टी सोलायची राहिली होती. तेवढ्यानं दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या.

"गिरीश, हिकडं ये."

त्यानं वाकून पाहिलं. "तीनदा बघितलं होतं, मावशी."

"आपलंच कापलेलं बघितलंस. डोळ्यांना मनातलंच दिसतं बाबा." मग हळूच म्हणाल्या, "कापणारी म्हणून कागदावर सही माझी हाय. माझ्यावर जाऊ दे."

"छे. तुमचा शुक्रवार जाईल."

त्यानं मॅनेजरला जाऊन खरं सांगितलं. पुन्हा फिल्म कापायला कंपनी थांबली नाही. अमेरिकेची चिप विकत घेऊन मोकळी झाली. गिरीशचं खातं बंद झालं. मार्चमध्ये तो लंडनला, दुकानातली गल्ल्याची यंत्रं दुरुस्त करायच्या नोकरीवर गेला. जाताना बाईंना शुक्रवारी लवकर सोडायचं, हे मात्र मॅनेजरकडून लिहून घेऊन गेला.

पुढच्या हिवाळ्यात, बाई आता कापत होत्या त्या दुसऱ्या खात्यात, नव्या इंजिनियरनं घड्याळ दाखवलं. "मिसेस किहीमकर, तुमची वेळ झाली."

बाईंनी समोरच्या फिल्मकडे पाहिलं. एक कोपराच उरला होता.

"संपवूनच जाते," त्या म्हणाल्या.

घरी पोचल्या तेव्हा काळोख पडला होता. सूर्य बुडाल्यावर काडी ओढायची नाही, दिव्याचं बटणही दाबायचं नाही. कामाचं पाप झालं तेवढं पुरे, असं पुटपुटत त्यांनी अंधारातच ताट वाढून घेतलं.