खालच्या मजल्यावरून ऐकलेल्या उड्या

दाऊदभाईंच्या या गौरवअंकासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांकडे मराठी लेख मागितले होते. सगळे इंग्रजीत आले, आणि 'सर इज अमेझिंग' याखेरीज त्यांत काही नव्हते. म्हणून मला लिहावे लागले.

दाऊदभाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. दुबईतल्या करामा भागात आमच्या घराच्या बरोबर वर त्यांचा चांगछुआनचा वर्ग भरतो. हात-पाय पूर्ण लांबवून दुरून मारा करणारी, उंच उड्यांची ही चिनी युद्धकला. मी तणतणत वर गेले.

"भाई, माझं छत खाली येणार आहे!"

"मॅडम, उडी घेताना आवाज होत नाही, उतरताना होतो. म्हणजे मुलांचं उतरणं चुकतंय. तुम्ही खाली ऐका. धप्प झालं की फोन करा."

मी करू लागले. फोन वाजला की ते वर ओरडत, "यल्ला, पुन्हा! मॅडमनी नापास केलं!" हळूहळू छत शांत झाले, आणि आमची मुले स्पर्धांत हलके उतरण्यासाठी ओळखली जाऊ लागली.

दाऊदभाई मूळचे रत्नागिरीकडचे. शारजात एसी दुरुस्तीचे काम करताना ते एका चिनी सहकाऱ्याकडून ही कला शिकले. शारजाच्या ट्रॅफिकमुळे उशीर झालेल्याला ते रागावत नाहीत, पण सराव पूर्ण झाल्याशिवाय घरीही सोडत नाहीत. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा त्यांनी आठवडाभर वर्गात फक्त हातांचा सराव घेतला. एकही उडी नाही. हे मला मुलांकडून कळले. ते स्वतः बोलले नाहीत.

यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी उड्या बंद केल्या.

"खलास, मॅडम. स्वतःला उडी दाखवता येत नाही, तर शिकवू कसा? वर्ग बंद करतो."

"इतकी वर्षं मी तुमच्या मुलांना नापास करतेय. मी कधी उडी मारली?"

सना, त्यांची सर्वांत जुनी विद्यार्थिनी, शेजारीच उभी होती. "सर, शी हॅज अ पॉइंट," ती म्हणाली. दाऊदभाई इतके मोठ्याने हसले, की सराव थांबला.

त्यांना भरपूर आयुष्य मिळो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि गुडघ्याच्या बाबतीत ते डॉक्टरांचे ऐकोत.

त्यांच्या साठीच्या समारंभात सुपूर्द झाले ते असे: दाऊदभाईंना एक शाल, आणि बसून शिकवण्यासाठी एक उंच खुर्ची. दाऊदभाईंकडून सनाला, उडी करून दाखवण्याचे काम. वर्ग दाऊदभाईंकडेच राहिला.