शनिवारी पुसलेला जिना

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की आधी अंगावर काटा येतो, मग राग. पुण्यातल्या एका ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. मंदीचं वर्ष होतं. एका सकाळी हजेरी चालू असतानाच एक निवृत्त गृहस्थ आत आले. त्यांचा इंजिनिअर मुलगा जर्मनीत, ब्योब्लिंगेनला नोकरीला होता. सुट्टी काढून तो ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून एकटाच गाडीने फिरायला गेला होता. रोज संध्याकाळी त्याचा ईमेल यायचा. आज इतके किलोमीटर झाले, अमुक पेट्रोल पंपावर मुक्काम, आणि सोबत लाल मातीतल्या सरळ रस्त्याचा फोटो. नऊ दिवसांपासून ईमेल बंद होते.

शेवटचा त्यांनी छापून आणला होता. 'पुढे पाचशे किलोमीटर काहीच नाही. काल जिथून निघालो तिथेच आज पोचलोय असं वाटतं. आरशात पाहिलं तर मागेही हाच रस्ता दिसतो.'

मी मिसिंगची नोंद केली, वरिष्ठांमार्फत दोन्ही देशांना पत्रं धाडली. मग फोटो टेबलावर मांडले. दहा-बारा फोटो, पण एकातही तो नाही, त्याची गाडी नाही, साधी त्याची सावलीसुद्धा नाही. अहो, आपला माणूस सिंहगडावर गेला तरी स्वतःचे दहा फोटो काढून आणतो! मला ते पटेना.

माझी मुलगी तेव्हा स्टुटगार्टला होती. तिच्याकडे जायची माझी रजा आणि खात्याची परवानगी आधीच मंजूर झालेली. हे कळल्यावर ते गृहस्थ पुन्हा आले. म्हणाले, "साहेब, एकदा त्याचं घर तरी बघून या. आहे की नाही, एवढंच कळू द्या. त्याची आई झोपत नाही हो." पत्रांना उत्तरं यायची तेव्हा येतील, म्हणून मी होकार दिला.

तिथे माझ्याकडे ना गणवेश, ना अधिकार. मुलीला दुभाषी म्हणून सोबत घेतलं आणि एस-बान लोकलने ब्योब्लिंगेन गाठलं. तीन मजली घर होतं. तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी आम्हाला वर नेलं. बेल वाजवली, उत्तर नाही. पोलीसही येऊन बेल वाजवून गेले होते म्हणे.

समोरच्या फ्लॅटच्या दारावर एक लाकडी पाटी लटकत होती. मी विचारलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ती केरवोखं. इथे प्रत्येक बिऱ्हाडाला जिना झाडायची पाळी असते. आपला आठवडा झाला की पाटी शेजारच्या दारावर लावायची."

"मग मागच्या आठवड्यात पाळी कोणाची होती?"

मुलीने विचारलं. बाईंनी बंद दाराकडे बोट केलं.

"आणि जिना झाडला कोणी?"

"त्यानेच. शनिवारी सकाळी जिना ओला होता आणि पाटी समोर लावलेली होती. त्याची पाळी एकदाही चुकली नाही."

"पण बाई, तो महिनाभर ऑस्ट्रेलियात आहे!"

बाईंनीही त्याला महिनाभरात पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. जिना मात्र पुसलेला असायचा.

बाईंनी आपल्या किल्लीने दार उघडलं. अंथरुणाची घडी घातलेली, ओटा कोरडा, आणि स्वयंपाकघराच्या खणात पासपोर्ट, म्हणजे तो देशाबाहेर गेलाच नव्हता. आता एकच जागा उरली होती. तळघर.

तिथे प्रत्येक भाडेकरूला लाकडी पट्ट्यांची एकेक खोली दिलेली होती, आपल्याकडच्या कोंबड्यांच्या खुराड्यासारखी. आम्ही खाली उतरलो आणि दिवा आपोआप विझला. तिकडचे जिन्यातले दिवे असेच, ठरावीक वेळाने बंद होणारे. त्या अंधारात अगदी जवळून मराठीत आवाज आला, "पाणी आहे का हो? पुढचा पंप फार लांब आहे."

मुलीने माझा दंड घट्ट धरला. मी चाचपडत बटण दाबलं. शेवटच्या खोलीत गाडीचं एक जुनं सीट होतं. त्यावर तो बसला होता, दाढी वाढलेली, नजर समोरच्या भिंतीवर. भिंतीवर नकाशा आणि प्रत्येक दिवसाची पेन्सिलीची खूण.

मी शेजारच्या खोक्यावर बसलो. हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू! तरी आवाज खाली ठेवून विचारलं, "किती दिवस चालवतोयस?"

"एकतीस. काका, कॉन्ट्रॅक्ट संपलं. बाबांनी अख्ख्या सोसायटीत माझं कौतुक केलेलं. म्हटलं, फिरायला गेलो म्हणून सांगू, तोवर दुसरं काम मिळेल. पकडलं जाऊ नये म्हणून इथे बसून रोज आठ तास हिशोबाने चालवायचो, मग वर जाऊन नेटवरचा एखादा फोटो जोडून लिहायचो. पुढे रस्ता संपेचना, लिहायचंही राहिलं. आता वळायला जागाच सापडत नाही."

"आणि जिना रे?"

"नाही झाडला तर बाई दार वाजवतील ना."

"बरं. गाडी बाजूला घे. मला उतरायचंय."

त्याने नसलेल्या आरशात पाहिलं, पाय दाबला आणि हात डावीकडे वळवले. जर्मनीत चार वर्षं उजवीकडून गाडी हाकणारा माणूस, पण ऑस्ट्रेलियात चालवतात तशी त्याने ती डावीकडे घेतली. पोरगं खरंच तिथे होतं. मी आयुष्यात प्रेतं पाहिली, पण तेवढा कधी घाबरलो नाही. गाडी थांबली तसा तो हमसून हमसून रडला.

त्याला वर आणलं. मुलीने डॉक्टरांना फोन केला, मी त्याच्या वडिलांना. जिवंत आहे म्हटल्यावर ते रडले. मग मी बाकीचं सांगितलं. तसे म्हणाले, "साहेब, पण आता लोकांना काय सांगायचं?"

मी फोन कानाशी आणखी घट्ट दाबला. पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता. "बाबा काय म्हणाले?"

"लवकर घरी ये म्हणाले."

सेवेत मी जबाबात एक शब्द फिरवला नव्हता. त्या दिवशी अख्खा जबाब फिरवला. तो टेबलावर डोकं टेकून तिथेच झोपला.

पुढे तो औषधोपचाराने सावरला. पण त्यानंतर मिसिंगची नोंद घेताना उंची, रंग, अंगावरचे कपडे लिहून झाले की मी एक जादा प्रश्न विचारू लागलो. घरी यायला तो कशाला घाबरत असेल? बहुतेक आईबाप माझ्यावरच उखडायचे. जे गप्प बसायचे, त्यांच्या घरापासून मी तपास सुरू करायचो.