मामांचं भात आणि शेटची भट्टी

माझ्या शेलार गावच्या मामांएवढा धुराच्या बाबतीत पक्षपाती माणूस अख्ख्या भिवंडीत झाला नाही. वैशाखात भाताची रोपं करण्याआधी ते पाला-गोवऱ्या रचून जमिनीवर राब भाजत, तेव्हा सगळं गाव खोकत असे. पण तो धूर त्यांच्या मते जमिनीचं टॉनिक होता. ऐंशी सालच्या सुमारास त्यांच्या भाताच्या खाचराला लागून सायझिंग उभी राहिली, लूमच्या सुताला खळ लावून सुकवणारी. तिच्या चिमणीचा धूर मात्र विष. कोंबडीनं अंडं दिलं नाही किंवा जावई जेवायला थांबला नाही, तरी मामा चिमणीकडे बघत.

आता भातापुरतं त्यांचं खरंच होतं. चिमणीखालच्या खाचरात पानांवर काजळी बसे आणि कापणीच्या वेळी लोंब्या पोचट दाण्यांनी ताठ उभ्या असत. मामा फवारणीच्या पंपात नुसतं विहिरीचं पाणी भरून भाताला आंघोळ घालीत. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला वडील गेले, तर त्यांच्या हातावर आधी मूठभर भात आलं. “फुंका, भावजी.” अर्धी मूठ उडाली. “आता आहेर कसला करू, सांगा.”

एका भाद्रपदात मामा थेट सायझिंगच्या मालकाकडे, शेटकडे गेले. “भात पोटरीला आलंय, शेट. आता फुलंल, आन् भात फुलतं सकालीच. सकालची भट्टी लावू नुको.”

शेट पिढ्यान्‌पिढ्या इथलेच कोकणी मुसलमान. “तुमचा राब पेटतो तवा माझा सूत काला पडतो, मामा. वो मैं किसको बोलूं?”

मामांच्या धुराला कुणी धूर म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. शेवटी ठरलं, की राब शुक्रवारी, सायझिंग बंद असताना भाजायचा. आणि भात फुलोऱ्यात असेतो भट्टी दुपारनंतर पेटवायची. त्या वर्षी लोंब्या वाकल्या. थोड्या ताठ राहिल्या, त्या मामांनी रस्त्यावरच्या ट्रकांच्या नावावर टाकल्या आणि शेटच्या घरी नव्या भाताचे पोहे पोचवले.

नव्वद साल उलटल्यावर मामा गेले. खाचरात गोदामाचं जोतं आलं. पुढच्या भाद्रपदात मी शेलारला गेलो, तर ऐन सकाळी चिमणी थंड. शेट दारात खुर्ची टाकून बसले होते.

“आता कुणासाठी थांबता?” मी विचारलं.

त्यांनी जोत्याकडे पाहिलं. “आदत पड गयी. दुपार होऊ दे.”

मला मामांची फार आठवण आली. मीही मग दुपारपर्यंत तिथंच बसून राहिलो.